क्वार्टरबॅकची अक्षरओळख

२१ ऑक्टोबर २०१९ ची सोमवारची रात्र. न्यू जर्सीतील मैदानावर न्यूयॉर्क जेट्स आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघांचा सामना सुरू होता. जेट्सचा क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्ड अवघा २२ वर्षांचा. आदल्या वर्षीच्या खेळाडू निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला आणि संघाचे भवितव्य म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात होते असा तरुण. त्या रात्री त्याने फेकलेले चार चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले आणि जेट्सचा ३३-० असा धुव्वा उडाला. बाकावर बसलेल्या डार्नोल्डच्या तोंडून निघालेले एक वाक्य दूरचित्रवाणीच्या ध्वनिग्राहकाने टिपले आणि देशभर ऐकवले. 'मला भुतं दिसताहेत,' असे तो म्हणत होता.

त्या वाक्याची पुढे भरपूर चेष्टा झाली. वास्तविक त्यात हसण्यासारखे फारसे काही नव्हते. जिथे बचावपटू नाही तिथे तो दिसणे आणि जिथे आहे तिथे न दिसणे, ही या जागी खेळणाऱ्या प्रत्येक तरुणाला कधी ना कधी जडणारी व्याधी आहे. समोरचा बचाव 'वाचायला' शिकणे हा तिच्यावरचा उपाय. मात्र हे वाचन शिकवायचे कसे, किती आणि केव्हा, याविषयी अमेरिकेतील प्रशिक्षकांमध्ये आजही एकमत नाही.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. नाव फुटबॉल असले तरी चेंडू प्रामुख्याने हातानेच खेळला जातो. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू. मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून किंचित अधिक रुंद. आक्रमक संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी मधला खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे देतो. हा 'स्नॅप'. तो ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. त्यानंतर त्याच्यापाशी साधारण अडीच ते तीन सेकंद असतात. तेवढ्यात चार-पाच धिप्पाड प्रतिस्पर्धी त्याच्या अंगावर चालून येतात आणि चेंडू झेलणारे त्याचे सहकारी, म्हणजे 'रिसीव्हर', ठरलेल्या मार्गांनी धावू लागतात. अंगावर येणारे वगळता उरलेले सहा-सात बचावपटू मागचे मैदान राखतात. त्यांच्या या राखणीच्या रचनेला 'कव्हरेज' म्हणतात.

क्रिकेटमध्ये फलंदाजही क्षेत्ररचना पाहून फटका ठरवतो. पण चेंडू येईपर्यंत क्षेत्ररक्षक जवळपास आपापल्या जागीच असतात. येथे स्नॅपच्या क्षणी सगळी रचनाच हलते. कबड्डीतील चढाईपटूची अवस्था याच्या अधिक जवळची म्हणता येईल. समोरची साखळी कोणत्या बाजूने वळणार हे त्यालाही पावलांवरूनच ओळखावे लागते. फरक इतकाच, की त्याला ३० सेकंद मिळतात.

पाठलाग आणि राखण

कव्हरेजचे मूळ प्रकार दोनच. पहिल्यात प्रत्येक बचावपटूच्या वाट्याला एकेक रिसीव्हर येतो. तो जाईल तिकडे त्याच्या मागे जायचे. हा 'मॅन'. दुसऱ्यात माणूस नव्हे तर जागा वाटून दिलेली असते. आपल्या हद्दीत येईल त्याला सांभाळायचे आणि नजर क्वार्टरबॅकवर ठेवायची. हा 'झोन'. एकात पाठलाग आहे, तर दुसऱ्यात शेताची राखण. या दोहोंतून निघणाऱ्या रचना आकड्यांनी ओळखल्या जातात. आकडा म्हणजे अगदी मागे, खोलवर राखण करणाऱ्यांची संख्या. 'कव्हर झिरो'मध्ये मागे कोणीच नसते; रिसीव्हरांच्या वाट्याला एकेक बचावपटू आणि बाकीचे सगळे क्वार्टरबॅकवर चालून जातात. 'कव्हर वन'मध्ये मागे मधोमध एक जण, पुढे पाठलाग. 'कव्हर टू'मध्ये मागचे मैदान दोघांत अर्धे-अर्धे, 'कव्हर थ्री'मध्ये तिघांत आणि 'कव्हर फोर'मध्ये चौघांत वाटलेले असते. त्यापुढचेही आकडे आहेत. पण ते संख्या सांगण्यापेक्षा सांकेतिक नावासारखे वापरले जातात.

प्रत्येक रचनेला तिची फट असते. कव्हर टूमध्ये ती मागच्या दोघांच्या मधोमध असते, शिवाय दोन्ही सीमारेषांलगत, पुढच्या आणि मागच्या पहारेकऱ्यांच्या दरम्यान. मधली फट बुजवण्यासाठी फळीतील मधल्या लाइनबॅकरला मागे धावायला लावण्याची युक्ती १९७० च्या दशकात पिट्सबर्ग स्टीलर्सने वापरली. त्या संघातून खेळलेले टोनी डंजी पुढे टॅम्पा बे बकनिअर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. माँटी किफिन यांच्या साथीने त्यांनी ही युक्ती इतकी रूढ केली, की तिला 'टॅम्पा टू' हे नाव पडले. एक फट बुजवली की दुसरी उघडते, या न्यायाने तिथेही मधल्या लाइनबॅकरने सोडलेली जागा मोकळी राहतेच. कव्हर थ्रीमध्ये मागच्या तिघांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे, तर कव्हर फोरमध्ये सीमारेषांजवळच्या आखूड टापूत जागा सापडते.

मधला दरवाजा

ही नावे आणि आकडे आधी पाठ करवून घ्यायचे, हा अनेक नवख्या प्रशिक्षकांचा आग्रह असतो. येथेच शिक्षणाची घडी विस्कटते. हायस्कूलमधल्या १४-१५ वर्षांच्या मुलाला फळ्यावरची दहा चित्रे दोन दिवसांत ओळखता येतात. मैदानावर मात्र चित्र नसते. समोर ११ माणसे असतात, ती सतत हलत असतात आणि त्यांतील निम्मी त्याच्याहून उंच असतात. अशा वेळी 'हा कव्हर तीन की चार?' या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता चेंडू फेकण्याची वेळ निघून जाते. म्हणूनच जाणते प्रशिक्षक मुलाला ११ जणांकडे पाहू देत नाहीत. ते त्याला फक्त मागच्या दोघांकडे पाहायला सांगतात.

या दोघांना 'सेफ्टी' म्हणतात. मैदानाच्या मध्यभागी, खोलवर, एकच सेफ्टी उभा असेल तर मधला दरवाजा बंद. याचा अर्थ समोर बहुधा कव्हर वन किंवा थ्री आहे. दोघे दोन बाजूंना उभे असतील तर मधला दरवाजा उघडा. रचना बहुधा टू किंवा फोर. मागे कोणीच नसेल तर झिरो. मग चेंडू झटपट हातातून सुटला पाहिजे. एवढ्या एका पाहण्याने शक्यता निम्म्यावर येतात. पहिले काही आठवडे मुलाला याखेरीज काहीही विचारू नये, असे मानणारे प्रशिक्षक आहेत आणि त्यांचे म्हणणे योग्य वाटते.

त्यानंतर दुसरा प्रश्न येतो: पाठलाग की राखण? याचे उत्तर कडेला उभ्या असलेल्या कॉर्नरबॅकच्या अंगस्थितीत असते. तो रिसीव्हरकडे टक लावून, त्याच्या अंगासरशी उभा असेल तर पाठलागाची शक्यता अधिक. शरीर किंचित आत वळवून, क्वार्टरबॅकवर नजर ठेवून उभा असेल तर राखणीची. याहून खात्रीची परीक्षा म्हणजे स्नॅपपूर्वी आपला एक रिसीव्हर या टोकाकडून त्या टोकाकडे धावत नेणे. त्याच्यामागे एखादा बचावपटू आडवा धावत गेला तर बहुधा पाठलाग आहे. सगळे जण जागच्या जागी थोडेसे सरकले तर राखण. मुलांना ही युक्ती चटकन आवडते, कारण तिच्यात शत्रूलाच उत्तर द्यायला लावण्याची गंमत आहे.

परंतु ही सगळी स्नॅपपूर्वीची अटकळ झाली. बचाव शिकवणारेही हेच धडे वाचत असतात. दोन सेफ्टी अखेरच्या क्षणापर्यंत दोन बाजूंना उभे राहतात आणि स्नॅप होताच एक मध्यभागी धावतो, दुसरा पुढे उतरतो. दरवाजा उघडा दिसत होता तो डोळ्यांदेखत बंद होतो. विक फँजिओ यांच्या बचावपद्धतीतून आलेला हा लपंडाव २०२० नंतरच्या काळात एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये, सर्वत्र पसरला. त्याआधी, १९८० च्या दशकात, सिनसिनाटी बेंगल्सच्या डिक लबो यांनी 'झोन ब्लिट्झ' नावाची वेगळी फसवणूक विकसित केली होती. अंगावर येणार असे हमखास वाटणारा पुढच्या फळीतील धिप्पाड खेळाडू अचानक मागे सरकून राखणीला जातो आणि भलत्याच दिशेने दुसराच कोणी चालून येतो. डार्नोल्डला दिसलेल्या 'भुतां'चे कुळ हेच. त्या रात्री पेट्रियट्सच्या बचावपटूंनी पुढच्या रेषेत गर्दी करून त्यांतील कोण येणार आणि कोण मागे फिरणार, हे त्याला अखेरपर्यंत कळू दिले नाही.

म्हणून दुसरे वाचन स्नॅपनंतर, पहिल्या पावलाबरोबर करायचे असते. सेफ्टी मागे गेला, मध्यभागी गेला, की पुढे आला? अटकळ खरी ठरली तर पुढे जायचे, खोटी ठरली तर मोडायची. अटकळ मोडण्याचे हे धैर्य शिकवणे सर्वांत अवघड असते. हुशार मुलांना ते अधिक जड जाते, कारण त्यांना आपल्या उत्तराचा मोह असतो.

एक माणूस, एक प्रश्न

येथे एका साध्या डावाचे उदाहरण घेणे उपयोगी ठरेल. 'स्मॅश' नावाच्या या डावात कडेचा रिसीव्हर पाच-सहा यार्ड धावून थांबतो. त्याच्या आतल्या बाजूचा रिसीव्हर दहा-बारा यार्ड सरळ जाऊन सीमारेषेच्या कोपऱ्याकडे तिरका वळतो. समोर कव्हर टू असेल तर कडेचा कॉर्नरबॅक पेचात सापडतो. तो पुढे, थांबलेल्या रिसीव्हरपाशी राहिला तर त्याच्या डोक्यावरून कोपऱ्यात चेंडू जातो. मागे सरकला तर समोरचा रिसीव्हर मोकळा सापडतो. क्वार्टरबॅकने पाहायचे ते एवढेच: कॉर्नरबॅक पुढे की मागे?

आता समजा, मुलाची अटकळ चुकली आणि रचना प्रत्यक्षात कव्हर थ्री निघाली. त्या रचनेत कॉर्नरबॅकला मागचा तिसरा हिस्सा राखायचा असल्याने तो स्नॅपबरोबर मागेच पळतो. मुलाने रचनेचे नाव चुकवले. पण कॉर्नरबॅक मागे गेला हे त्याने पाहिले आणि पुढे थांबलेल्या रिसीव्हरला चेंडू दिला. उत्तर बरोबर आले. नाव चुकूनही निर्णय बरोबर ठरू शकतो, ही गोष्ट या शिक्षणाच्या केंद्रस्थानी आहे. डाव आखणारा प्रशिक्षक कुशल असेल तर तो असेच डाव निवडतो, ज्यांत मुलाला एका माणसाला एकच प्रश्न विचारावा लागतो. असे चार डाव नीट वाचता येणारा १६ वर्षांचा मुलगा ४० डाव पाठ असलेल्या मुलापेक्षा संघाच्या अधिक कामाचा असतो.

वाचनाचा संबंध केवळ डोळ्यांशी नाही. स्नॅपनंतर क्वार्टरबॅक तीन किंवा पाच पावले मागे जातो आणि ही पावले म्हणजे त्याचे घड्याळ असते. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी पावले आणि रिसीव्हरांचे मार्ग यांची अत्यंत काटेकोर सांगड घातली. शेवटचे पाऊल टेकते तेव्हा पहिल्या रिसीव्हरचा निर्णय झालेला असला पाहिजे. तो मोकळा नसेल तर एक छोटी उडी आणि नजर दुसऱ्याकडे. पाय पुढे गेले आणि डोळे मागे राहिले, तर चेंडू उशिरा सुटतो. उशिरा सुटलेला चेंडू हाच बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो.

आणि एक वाचन असे आहे की जे चुकले तर नुसता चेंडू जात नाही. पुढच्या फळीत अडवणारे पाच आणि अंगावर येणारे सहा, असा हिशेब झाला तर सहावा माणूस क्वार्टरबॅकनेच ओळखायचा असतो आणि तो ज्या जागेवरून आला त्या रिकाम्या जागेत तत्काळ चेंडू टाकायचा असतो. तो पाठीमागून येत असेल आणि दिसला नाही, तर बेसावध शरीरावर पूर्ण वेगाने धडक बसते. खांदा, बरगड्या, मेंदूला बसणारा हादरा या सगळ्यांचा त्यात समावेश आहे. व्यावसायिक खेळाडूंच्या बाबतीत त्याची किंमत पैशात तरी मोजली जाते. शाळकरी मुलाला मैदानावर उतरवण्यापूर्वी निदान हा हिशेब त्याला येतो की नाही, हे पाहणे प्रशिक्षकाचे कर्तव्यच आहे.

चित्रफीत, फळा आणि फलक

खेळाच्या चित्रफिती अभ्यासण्याची परंपरा जुनी आहे. आधुनिक फेकीच्या खेळाचे जनक मानले जाणारे सिड गिलमन यांच्या घरच्यांचा चित्रपटगृहांचा व्यवसाय होता. वार्तापटांतील फुटबॉलचे तुकडे मिळवून ते अभ्यासत असत. आता २००६ मध्ये नेब्रास्कात सुरू झालेल्या 'हडल'सारख्या सेवांमुळे हायस्कूलच्या मुलालाही सामन्याची फीत मोबाइलवर मिळते. फीत मिळणे आणि ती पाहता येणे, या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. दूरचित्रवाणीवरील नेहमीच्या दृश्यात सेफ्टी बहुतेक वेळा चौकटीबाहेरच असतात, त्यामुळे सामने पाहून वाचन शिकता येत नाही. त्यासाठी सर्व २२ खेळाडू दिसतील असे उंचावरून घेतलेले चित्रण लागते. एनएफएलने असे चित्रण सामान्य प्रेक्षकांना २०१२ पासून उपलब्ध करून दिले. फीत स्नॅपच्या आधी थांबवायची, मुलाने मोठ्याने उत्तर द्यायचे, मगच ती पुढे सोडायची. उत्तर चुकले तर कोणत्या खुणेवरून फसलास, हे त्यानेच सांगायचे. नुसतीच सलग पाहिलेली फीत म्हणजे करमणूक होय.

उन्हाळ्यात सातास सात खेळाडूंचे सराव सामने होतात. त्यांत अंगावर येणारे कोणी नसल्याने राखण पाहण्याचा भरपूर सराव मिळतो. पण त्याच कारणाने मुलाला निवांत उभे राहण्याची खोडही लागते. अलीकडे आभासी वास्तवाची उपकरणे आली आहेत. लुइझियाना स्टेट विद्यापीठात असताना जेडन डॅनियल्स याने वेग वाढवलेल्या आभासी खेळावर वाचनाचा सराव केला. २०२३ चा हाइजमन पुरस्कार त्याला मिळाला आणि २०२४ मध्ये तो एनएफएलमधील सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला.

याच्या नेमकी उलट एक पद्धत शाळा-महाविद्यालयांत बोकाळली आहे. खेळाडू रांगेत उभे राहतात, मग सगळे जण मान वळवून सीमारेषेकडे पाहतात. तिथे उभा असलेला प्रशिक्षक बचाव वाचतो आणि चित्रांचे फलक किंवा हातवारे दाखवून डाव बदलतो. सामने जिंकण्यासाठी ही सोय उत्तम आहे. पण यात वाचतो तो प्रशिक्षक. मुलगा केवळ निरोप्या. २०२४ पासून महाविद्यालयीन फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत शिरस्त्राणातील ध्वनिवर्धकाला परवानगी मिळाली. एनएफएलमध्ये ती १९९४ पासूनच आहे. दोन्हीकडे घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज बंद होतो. त्यानंतर तरुण एकटाच असतो आणि ज्याला इतकी वर्षे कोणी वाचू दिले नाही, त्याला तिथे वाचावे लागते.

बसवावे की उतरवावे?

मोठ्या खेळाडूंच्या उदाहरणांतूनही एकच उत्तर मिळत नाही. पेटन मॅनिंगला १९९८ मध्ये पहिल्याच वर्षी सर्व सामन्यांत उतरवले गेले. त्याचे २८ चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी झेलले (नवोदिताचा हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे) आणि इंडियानापोलिस कोल्ट्सने १६ पैकी १३ सामने गमावले. पुढच्या वर्षी याच संघाने १३ सामने जिंकले. दुसरीकडे ह्यूस्टन टेक्सन्सच्या डेव्हिड कारलाही २००२ मध्ये असेच थेट उतरवले गेले. कच्च्या फळीमागे चेंडू हातात असतानाच तो ७६ वेळा आडवा केला गेला. हा विक्रमही अद्याप मोडलेला नाही. कार पुढे मॅनिंग झाला नाही. चुकांतून शिकता येते हे खरे. पण चूक पाहण्याइतका वेळ आणि आडोसा मिळाला तरच.

टॉम ब्रेडीला तो मिळाला. २००० मधील निवडीत १९९ व्या क्रमांकावर घेतलेला हा खेळाडू पहिले वर्ष जवळजवळ पूर्णपणे बाकावर होता. ऑगस्ट २००१ मध्ये पेट्रियट्सचे क्वार्टरबॅक प्रशिक्षक डिक रीबाइन यांचे आकस्मिक निधन झाले. त्यानंतर मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक स्वतः क्वार्टरबॅकांबरोबर बसू लागले. बेलिचिक मूळचे बचावाचे जाणकार. कुलूप बनवणाऱ्यानेच ते उघडायला शिकवावे, तसा हा प्रकार. बचाव आखणारा काय दाखवतो, काय लपवतो आणि का, हे ब्रेडी त्याच बाजूच्या माणसाकडून शिकला. त्याच मोसमात मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला, ब्रेडी उतरला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये संघाने सुपर बोल जिंकला. १७ वर्षांनंतर डार्नोल्डसमोर जो बचाव उभा राहिला, तोही याच बेलिचिक यांचा होता.

पॅट्रिक महोम्सची हकिगत तर अधिक बोलकी आहे. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला अनुभवी अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे ठेवले. वर्षभरात तो अखेरचा एकच साखळी सामना खेळला. २०१८ मध्ये त्याच्या ५० फेकींवर टचडाउन झाले आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने सुपर बोल जिंकला. त्यानंतर काही महिन्यांनी एका मुलाखतीत त्याने सांगितले, की बचाव कसा वाचायचा हे आपल्याला २०१९ च्या मोसमाच्या मध्यापर्यंत खऱ्या अर्थाने कळलेच नव्हते. कव्हरेज ओळखता येत होती. त्यामागच्या बारीक सवयी आणि खुणा टिपता येत नव्हत्या.

डार्नोल्डला जेट्सने २०२१ मध्ये दुसऱ्या संघाकडे धाडले. संघ बदलत, मधल्या काळात राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसत तो २०२४ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जकडे आला आणि त्या मोसमात व्हायकिंग्जने १७ पैकी १४ साखळी सामने जिंकले. त्याच्या ३५ फेकींवर टचडाउन झाले. जानेवारी २०२५ मध्ये बाद फेरीच्या सामन्यात लॉस एंजेलिस रॅम्सच्या बचावाने त्याला नऊ वेळा आडवे केले आणि व्हायकिंग्ज २७-९ असे हरले. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. दोन महिन्यांनी सिअॅटल सीहॉक्सने त्याला करारबद्ध केले.